तीन खणांची डबी

१

तुम्ही मला रोज टोमणे मारता ना, ही सातला सांगते आणि साडेसातला उगवते म्हणून? आज सांगतेच का ते. पण मधे कोणी तोंड घालायचं नाही. माझा धागा तुटला की परत सापडत नाही.

मी बाइंडिंगच्या कारखान्यात आहे हे माहितीये तुम्हाला. छापलेले मोठाले कागद येतात, मी त्यांच्या घड्या घालते, मग शिलाई, आणि शेवटी कडा कापायला सगळं कटरकाकांकडे. कटिंग मशीन चालवतात म्हणून कटरकाका. साठीच्या पुढचे, एकटेच, कारखान्याच्या वरच्याच खोलीत राहतात. जेवणाचा डबा आमच्या घरून, आईच्या हातचा. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, तरुणपणी मशीनमध्ये गेलं. मला 'घडी' म्हणतात. त्यांना तिरकं काही बघवत नाही. माझ्या बसच्या तिकिटाची फाटकी कडसुद्धा एकदा कात्रीने सरळ करून दिली होती.

एकतीस वर्षांत माणूस एक दिवस उशिरा आला नाही. आणि त्या गुरुवारी साडेनऊ वाजले तरी मशीन गप्प.

मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं. काका खुर्चीत बसलेले, शर्ट खोचलेला, पट्टा लावलेला, कामाला निघाल्यासारखे. पण डोळे बघितले आणि मी दारातच थांबले. पांढरं असायचं तिथे पिवळंजर्द. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दिसलेच नाही त्यांना, आणि म्हणाले, "शिलाई झाली का रे तुझी? ये, बस."

माझ्या मागे कोणीही नव्हतं.

टेबलावर दोन ग्लास होते. दोन्हींच्या तळाशी घोट-घोट उरलेलं. वास घ्यायला वाकावं लागलं नाही.

२

हॉस्पिटलात डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही चौघं होतो. मी, माझी आई, कारखान्याच्या मालकीणबाई आणि काकांचा पुतण्या. पुतण्या औषधाच्या कंपनीत नाही, विम्यात नाही, कशातच धड नाही, पण बोलतो असं की सगळं त्यालाच कळतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लिव्हर झपाट्याने निकामी होतंय. कसलं तरी विष गेलंय पोटात. रक्त मोठ्या लॅबला पाठवलंय, रिपोर्ट उद्या संध्याकाळी. पण उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला आपल्याला वेळ नाहीये. विष कुठलं ते कळलं तर त्यावरचं औषध आत्ता चालू करता येईल. काय घेतलंय यांनी?"

मालकीणबाई म्हणाल्या, "खांदा दुखत होता, तर मी दुखण्याच्या साध्या गोळ्या दिल्या होत्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच घ्या म्हणून बजावलं होतं."

"तेवढ्याने असं होत नाही. दारू?"

"दारू?" पुतण्या हसलाच. "काकांनी आयुष्यात शिवली नाही. पण काल कोणीतरी पाजली. टेबलावर दोन ग्लास आहेत, डॉक्टर. दोन. कोणीतरी समोर बसून यांना प्यायला लावलं आणि त्यातून काहीतरी दिलं." आणि मग हळूच आईकडे वळला. "नाहीतर डब्यातून. डबा रोज ह्यांच्याकडूनच जातो. चार महिने झाले, काका वाळत चाललेत. मी उद्या दुपारपर्यंत वाट बघणार. शुद्धीवर आले नाहीत तर तक्रार करणार, यांच्या नावानिशी."

आई एरवी भाजीवाल्यालाही सोडत नाही. त्या दिवशी मान खाली घालून बसली, एक शब्द बोलली नाही. मला ते गप्प बसणं फार लागलं. कारण तुम्हाला म्हणून सांगते, तिची ती मान खाली घालायची पद्धत मला माहितीये. काहीतरी लपवत असली की ती तशी घालते.

३

घरी येऊन मी सगळं आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची बहीण, बाबा गेल्यापासून आमच्याकडेच असते. छापखान्यात प्रुफं वाचते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून तिचा स्वभावच तसा झालाय. आमच्याकडे सहज म्हणून आलेला पाहुणापण तिच्यासमोर ताठ बसतो.

ती म्हणाली, "लोक वाचताना पुढे काय असेल ते वाचतात. आहे ते वाचत नाहीत. दोन ग्लास दिसले, म्हणे दोन माणसं. तू माणसं मोजलीस का ग्लास मोजलेस?"

"ग्लास."

"मग तेवढंच सांग." आणि ती आईकडे वळली. "वहिनी, डबा परत कसा यायचा?"

"रिकामा. घासून पुसून. एक कण नाही उरायचा," आई म्हणाली. "मला तर वाटायचं, बरं खातायत."

"आणि तरी वाळत चालले."

"हो ना."

"अजून काही दिलंस त्यांना?"

"नाही," आई म्हणाली. फार पटकन म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आठला आत्या माझ्याबरोबर कारखान्यात. आधी मालकीणबाईंना गाठलं. त्या बिचाऱ्या रडवेल्या झालेल्या. "अहो, मी रोज विचारायचे, बरं वाटतंय का? म्हणायचे, तुमच्या गोळीने फार आराम पडला बाई. म्हणून तर दुसरं पाकीट दिलं."

मग पुतण्या. तो खोलीला कुलूप लावायलाच आला होता. आत्या म्हणाली, "तू शेवटचा कधी भेटलास काकांना?"

"रविवारी. सर्दीने बेजार होते. मीच जाऊन औषध आणून दिलं. बाकी कोणी बघत नाही त्यांच्याकडे. सोमवारी फोन केला, म्हणाले, तुझ्या औषधाने उतार पडला रे."

"रोज करतोस फोन?"

"नाही... आजारी असले की करतो."

आत्याने नुसतं माझ्याकडे बघून चष्मा पुसला. आणि तेवढ्यात मागच्या दाराशी कारखान्याची मांजर आली. आली म्हणजे काय, लोळतच आली. एवढी जाडी मांजर मी कुठे बघितली नाहीये. आत्याने तिला विचारल्यासारखं विचारलं, "तुला कोण गं घालतं एवढं?"

मी म्हटलं, "आत्या, अगं डबा."

"हं," ती म्हणाली. "डबा रिकामा व्हायचा. काकांच्या पोटात जायचा असं कुठे वाचलं तुझ्या आईने?"

४

खोली इतकी नेटकी की रडू यावं. एक कॉट, एक टेबल, दोन खुर्च्या. पुतण्या दारात हाताची घडी घालून उभा. टेबलावर खळीची वाटी, वाळलेली. खळ म्हणजे आमची चिकटवायची लापशी. बोटांना लागली की वाळून पांढरी होते, आणि ज्याला हात लावाल तिथे ठसे.

आत्याने दोन्ही ग्लास रुमालात धरून खिडकीशी नेले.

"बघ. या ग्लासावर खळीचे ठसे. अंगठा, पहिलं बोट, मग हे अर्धंच बोट, मग पुढची दोन. कोणाचा हात?"

"काकांचा."

"आता दुसरा ग्लास."

मी बघितलं. अंगठा. पहिलं बोट. मधे अर्धंच बोट.

पुतण्या पुढे आला. "ओतून दिला असेल त्यांनी. पाहुण्याला आपणच देतो ना हातात."

"देतो की. पण मग पाहुण्याचाही हात लागतो. आणि काठावर बघ, ओठांचा ठसा, त्यातपण खळ, हाताने तोंड पुसताना लागलेली. ग्लास फक्त धरला नाही, तोंडाला लावलाय. त्याच हाताने." आत्याने तो खाली ठेवला, जिथे होता तिथेच, दुसऱ्या खुर्चीसमोर. "इथे पाहुणा नव्हता. इथे एकच माणूस दोन ग्लास प्यायला. समोर कोण बसायचं यांच्या?"

मला एकदम आठवलं. काका मला म्हणाले होते, शिलाई झाली का रे तुझी.

शिलाईमामा. आमच्याकडे पुस्तकं शिवायचे. सहाला मशीन बंद झालं की दोघं वर. आम्हाला वाटायचं चहा पितात. मामा दहा महिन्यांपूर्वी मुलीकडे राहायला गेले, लांब, डोळे गेले म्हणून.

आत्याने तिथूनच फोन लावला. आवाज मोठा केला. मामा आधी टाळत होते, मग म्हणाले, "एक-एक, बाई. जास्त कधीच नाही. तीस वर्षं. तो ओतायचा, मी पाणी घालायचो. कोणाला सांगितलं नाही, लोकांनी उगाच नावं ठेवली असती. का, काय झालं?"

आत्याने सांगितलं. म्हणाली, "ते अजून दोन ओततात."

मग मामा म्हणाले, "आणि माझा कोण पितो?"

पुतण्याने हाताची घडी सोडली.

कॉटखाली पुठ्ठ्यांच्या मागे बाटल्या सापडल्या. आणि उशीपाशी एक डबी. काकांनीच केलेली, निळ्या कापडाची, कोपरे इतके काटकोनात की नजर ठरत नाही. आत तीन खण. तिन्हींत गोळ्या. एकात गोल, दोनांत लांबट, सगळ्या पांढऱ्या, चंदेरी चौकोनात एक-एक कापून ठेवलेल्या. एकावरही नाव नाही. काकांनी पट्टीची कड सरळ करताना नाव छापलेला भागच कापून टाकलेला.

आत्याने पहिला खण रिकामा केला. तळाला पांढरा कागद होता आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात एक शब्द लिहिला होता.

वहिनी.

काका माझ्या आईला वहिनी म्हणतात.

५

पुतण्या म्हणाला, "बघा. काय म्हणत होतो मी."

आत्या म्हणाली, "अर्धं पान वाचून पुस्तक मिटू नये बाळा," आणि दुसरा खण पालथा केला. तळाला लिहिलं होतं, मालकीणबाई. तिसरा. त्यात लिहिलं होतं, पुतण्या.

त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "मी... सर्दीच्याच आणल्या होत्या. साध्या."

"सगळ्यांनी साध्याच दिल्यात. कुठल्या, ते कोणी सांगेल का? नावं आठवतायत?"

पुतण्याला आठवेना. मालकीणबाईंचं पाकीट कधीच केरात गेलेलं. मी आईला फोन लावला. तिने तेव्हा सांगितलं, रडतच. रात्री अंग ठणकतं, झोप येत नाही म्हणाले, तर तिने बाबांच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुडीत बांधून डब्यात ठेवल्या होत्या. "आधीच डब्यावर बोट ठेवलं त्याने. गोळ्यांचं बोलले असते तर मलाच धरलं असतं. नाव काय माहीत मला."

मी म्हटलं, आता काय. आणि आत्या म्हणाली, "तुमच्याकडे कापलेल्या कडा कुठे जातात?"

कुठे म्हणजे? कात्रणाच्या पोत्यात. काका केर कधी इकडेतिकडे टाकत नाहीत, वरचा केरपण खाली आणून पोत्यातच भरतात. आणि पोती शुक्रवारी अकराला रद्दीवाला नेतो. घड्याळात पावणेअकरा.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. रद्दीवाल्याचा टेम्पो दारात, चारपैकी तीन पोती वर चढलेली. मी चौथ्यावर बसले. खरंच, बसलेच. तो म्हणाला, "ताई, तुमचंपण वजन लावू का?" मी म्हटलं, लाव, पण ती तिन्ही खाली उतरव.

मग आम्ही जमिनीवर. मी, आत्या, मालकीणबाई नेसत्या साडीनिशी मांडी घालून, आणि पुतण्या. हो, तोही. कागदाच्या सुतासारख्या पट्ट्यांचा डोंगर. चंदेरी काही चमकलं की उचलायचं. वीस मिनिटं नुसतं चिवडणं. पहिला तुकडा पुतण्यालाच सापडला.

आत्याने ते सगळे पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावले. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळी नावं. एक खांद्याची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. आणि प्रत्येक नावाखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, एकच शब्द.

पॅरासिटामॉल. तिन्हींवर.

६

डॉक्टरबाईंनी पुठ्ठा बघितला, ग्लासांचं ऐकलं आणि आधी आत जाऊन नर्सला काहीतरी सांगितलं. सलाइनमधून औषध चालू झालं तेव्हा कुठे बाहेर आल्या.

"आता एकेक सांगा. किती आणि किती दिवस?"

मालकीणबाई म्हणाल्या, दिवसाला सहा, आठ दिवस. पुतण्या म्हणाला, चार, रविवारपासून. आई म्हणाली, रात्री दोन, गेल्या शनिवारपासून.

डॉक्टरबाईंनी कागदावर बेरीज केली. "सहा ग्रॅमच्या वर, रोज. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसालाही चारच्या पुढे जायचं नसतं. तुमच्यातल्या एकट्याच्या गोळ्यांनी बहुतेक काही झालं नसतं."

"पण साधी गोळी हो," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही घरात सगळे घेतो."

"साधीच आहे. लिव्हर ती मोडून बाहेर टाकतं. मोडताना थोडं विष तयार होतं, ते मारायला लिव्हरजवळ साठा असतो. रोज दारू, तिने भूक मेलेली, महिनोन् महिने पोटात धड अन्न नाही, तर तो साठा आटतो. मग तीच गोळी लिव्हरच खायला लागते. आणि पहिले दोन-तीन दिवस नुसती मळमळ. माणसाला वाटतं, अपचन झालंय. जेवण जात नाही. अजून अंग दुखतं. अजून एक गोळी."

"म्हणून मांजर एवढी जाडी," मी म्हटलं. डॉक्टरबाईंना काही कळलं नाही.

पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. आईला म्हणाला, "काकू, मी काल जे बोललो..."

आई म्हणाली, "चहा प्यायलास का सकाळपासून?" तो नाही म्हणाला. "मग आधी तो पी."

पण मला एक गोष्ट सुटत नव्हती. आत्यालापण. गाडीत बसताना ती म्हणाली, "तिघांची औषधं तिन्ही वेळा घेणारा माणूस वेंधळा असतो. हा माणूस तर तिकिटाची कड सरळ करतो. त्याला कळलं नसेल, एकाच्या गोळीने भागतंय?"

७

पाचव्या दिवशी काकांनी मला ओळखलं. "घडी," म्हणाले, "मशीनला तेल दिलं का कोणी?"

पिवळेपणा उतरायला तीन आठवडे गेले. डॉक्टरबाईंनी बजावलंय, आता एक थेंब नाही, जन्मात नाही, आणि विचारल्याशिवाय कुठलीच गोळी नाही. वाचले ते काठावर वाचले.

ते बसायला लागले त्या दिवशी आत्याने त्यांना डबी परत दिली. रिकामी. आणि सरळ विचारलं, "तिघांच्या का घेतल्या?"

काकांनी डबी हातात फिरवली. एक कोपरा जरा उचकटला होता, तो अर्ध्या बोटाने दाबत बसले. मला वाटलं सांगणारच नाहीत.

मग म्हणाले, "गोळी दिली की माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो. बरं वाटलं का. मालकीणबाई मशीनपाशी यायच्या. हा फोन करायचा. वहिनी डब्यात चिठ्ठी घालायच्या. आता न घेता कसं सांगायचं, बरं वाटलं म्हणून? खोटं बोलायचं होय? आणि एकाची घेतली, दुसऱ्याची नाही, असं कसं करायचं. लक्षात राहावं म्हणून खण केले." थोडं थांबून म्हणाले, "खांदा खरंच दुखत होता. पण एवढा नाही."

आत्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काही दुरुस्त करायला गेली नाही.

बाटल्या पुतण्याने नेल्या. ग्लास काकांनी नेऊ दिले नाहीत. "त्याचा आहे तो," म्हणाले. डबी टेबलावर आहे, त्यात आता सुया ठेवतात. सुरुवातीला मालकीणबाई रोज यायच्या, फोन रोज यायचा, चिठ्ठी जायची. पण आजारी माणसाकडे जेवढं येतात तेवढं बऱ्या माणसाकडे कोणी येत नाही. आठवड्याभरात पुतण्याचा रोजचा फोन फक्त रविवारवर आला. मालकीणबाई आता जिन्यातूनच विचारतात.

म्हणून सहाला मशीन बंद झालं की मी घरी जाते, डबा घेते आणि वर येते. ते जेवतात, मी समोर बसते. सगळं जेवतात का ते बघते, मांजर बारीक झालीये आता. मग ते दोन ग्लास काढतात, धुतलेले, आणि दोन्हींत पाणी ओततात. माझा मी पिते. बोलायला फारसं काही नसतं. ते सांगतात आज कुठला कागद कसा होता, मी हं हं करते.

सव्वासातला मी उठते. ते कधी थांब म्हणत नाहीत. "उद्या?" एवढंच विचारतात. मी हो म्हणून जिना उतरते. एकवीस पायऱ्या आहेत. मी शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाय टाकते, तोवर वर दाराची कडी लागलेली नसते.